कॉस्टिक, चुना आणि पाणी: डेअरीच्या प्रयोगशाळेतून एक उत्तर

एका दूध संघात नुकत्याच लागलेल्या केमिस्ट मुलीनं मला तीन प्रश्न पाठवलेत. बी.एस्सी. झालीय, पुस्तक पाठ आहे, पण प्लांटवर पाऊल टाकल्यापासून पुस्तकाचं आणि समोर दिसतं त्याचं जुळत नाही म्हणते. पहिला प्रश्न: तीव्र आम्लारीचं पाण्यात पूर्ण विचरण होतं असं शिकलो, मग जेमतेम विरघळणाऱ्या चुन्याला तीव्र का म्हणायचं? दुसरा: कॉस्टिकचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे, फ्लेक्स नुसते विरघळले तरी पाणी एवढं कसं तापतं? तिसरा: आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतात ना, मग सीआयपीत कॉस्टिकनंतर थेट आम्ल का फिरवायचं नाही, मध्ये पाणी कशाला? आणि अंगावर कॉस्टिक उडालं तर वरून थोडं आम्ल का ओतायचं नाही?

सीआयपी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुधाचे पाइप, टाक्या, पाश्चरायझर हे न उघडता आतून धुण्याची पद्धत. आधी पाणी, मग गरम कॉस्टिक, पुन्हा पाणी, मग विरल नायट्रिक आम्ल, शेवटी पाणी.

मी डेअरीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढली. माझ्या मते तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. ‘तीव्र’, ‘संहत’ आणि ‘साठा किती’ या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पिशवीत भरतो. त्या सुट्या केल्या की निम्मं काम होतं.

तीव्र हा शब्द एवढंच सांगतो की जेवढं पाण्यात विरघळलं, तेवढं सगळं आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होऊन सुटं झालं. किती विरघळलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. संहत म्हणजे लिटरभर पाण्यात किती कोंबलंय ते. चमचाभर कॉस्टिक विहिरीत टाकलं तर द्रावण अतिविरल होईल, पण कॉस्टिक तीव्र ते तीव्रच. उलट, झाकण उघडताच डोळ्यांत पाणी आणणारा बाटलीतला अमोनिया चांगला संहत असतो, आणि तरीही आम्लारी म्हणून सौम्य.

आता आकडे बघ. ०.१ मोलर कॉस्टिकचा पीएच, म्हणजे पाठ्यपुस्तकातला सामू, १३ येतो. तेवढ्याच ०.१ मोलर अमोनियाचा ११.१ च्या आसपास, कारण त्याच्या दर शंभर रेणूंतला जेमतेम एखादा-सव्वा रेणू हायड्रॉक्साइड आयन देऊन बसलेला असतो. पीएचमध्ये दोन अंकांचा फरक म्हणजे हायड्रॉक्साइडमध्ये जवळपास पंचाहत्तर पटींचा फरक. पण दोघांचे १०-१० मिली घे आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लानं टायट्रेशन कर, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं आम्ल सोडून किती लागलं ते मोज. दोघांनाही १० मिलीच आम्ल लागेल. (अमोनियासाठी रंग बदलणारा दर्शक म्हणून मिथाइल रेड वापर, फिनॉल्फ्थॅलिन तिथं फसवतं.) कारण आम्ल सुटे हायड्रॉक्साइड खाऊन टाकतं तसतसे उरलेले अमोनियाचे रेणू पुढे येऊन नवे देत राहतात.

प्लांटवरच्या मुलांना मी हे पैशांच्या भाषेत सांगायचे. पीएच म्हणजे खिशातली रोकड. टायट्रेशन म्हणजे पतसंस्थेतल्या ठेवीसकट सगळा हिशेब. तीव्र आम्लारी ठेव ठेवतच नाही, सगळं खिशात घेऊन फिरते. सौम्य आम्लारीच्या खिशात चिल्लर, बाकी ठेवीत.

आणि चुना? चुना हा फार मजेशीर गडी आहे. विरवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात साधारण १.७ ग्रॅमच विरघळतो. पाणी तापवलं तर आणखी कमी. उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही खाली जातो. पण जो विरघळतो तो जवळजवळ सगळा आयनांच्या रूपात असतो, म्हणून तो तीव्र. चुन्याच्या निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास येतो. गंमत अशी की त्यात आणखी पोतंभर चुना ओतलास तरी पीएच तिथंच अडकतो, कारण जादा चुना तळाशी बसतो. पण आम्ल घालायला लागलीस की तळाचा चुना एकेक करत विरघळून लढायला येतो. म्हणजे खिसा लहान, ठेव मोठी, पण ठेवीचं कारण अमोनियाहून वेगळं. अमोनिया विरघळलेला असतो पण आयन होत नाही, चुना आयन होतो पण विरघळत नाही. हे दोन आळस वेगळे आहेत. तुझा पहिला प्रश्न इथं सुटतो.

तंबाखूत चुना मळणाऱ्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. निकोटिन ही स्वतः सौम्य आम्लारी, पानात ती क्षाराच्या रूपात बांधलेली असते. चुना तिला मोकळी करतो, मग ती तोंडातून झपाट्यानं भिनते. हळदीला चुना लागला की ती लाल होते हेही घराघरात ठाऊक. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावल्यावर डाग लाल झालेला पाहून दचकलेल्या सुना मी पाहिल्यात. तो दर्शकच आहे, फक्त बाटलीत नाही एवढंच.

एक सांगून ठेवते. कॉस्टिकपेक्षाही ‘तीव्र’ आम्लारी असतात, जसं सोडियम अमाइड किंवा सोडियम हायड्राइड. पण पाण्यात त्यांची मिजास चालत नाही. पाण्यात पडल्या की त्या पाण्याच्याच रेणूतला प्रोटॉन ओरबाडतात आणि मागे हायड्रॉक्साइड ठेवतात. पाण्यात हायड्रॉक्साइडच्या वर कोणी टिकत नाही. कळीचा चुनाही तेच करतो, त्यातला ऑक्साइड आयन पाण्यात क्षणभरही राहू शकत नाही.

इथूनच दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कळीचा चुना तापतो ती खरीखुरी रासायनिक अभिक्रिया आहे: कॅल्शियम ऑक्साइड अधिक पाणी, झालं हायड्रॉक्साइड. किलोभर चांगल्या कळीच्या चुन्यातून निघणारी उष्णता साधारण साडेतीन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पुरते. चुना भिजवताना हौद खदखदतो तो त्यामुळे. ग्राउंडवर रेषा मारायची फक्की मात्र पाण्यात तापत नाही, कारण ती आधीच विरवलेली असते.

कॉस्टिकचं तसं नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या स्फटिकात सोडियम आणि हायड्रॉक्साइड आयन आधीपासूनच असतात, पाणी त्यांना ‘बनवत’ नाही. पाणी त्यांना स्फटिकातून उपटून काढतं, यात ऊर्जा खर्च होते. मग पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाभोवती गर्दी करून चिकटतात, यात ऊर्जा सुटते. कॉस्टिकमध्ये मिळकत खर्चापेक्षा बरीच जास्त, दर मोलमागे सुमारे ४४ किलोज्यूल शिल्लक. साध्या मिठात हा हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, किंचित तोटाच, म्हणून मीठ विरघळताना पाणी तापत नाही. युरियात चक्क तोटा. फवारणीसाठी युरिया कालवणाऱ्या शेतकऱ्याला विचार, बादली गार पडते म्हणून सांगेल.

४४ किलोज्यूल म्हणजे किती, ते हाताला कळायला हवं. ४० ग्रॅम कॉस्टिक लिटरभर पाण्यात टाकलंस तर पाणी साधारण दहा अंशांनी चढेल. काही वाटणार नाही. पण २० टक्क्यांचं द्रावण करायचं म्हणून १०० ग्रॅम कॉस्टिक ४०० मिली पाण्यात एकदम ओतलंस, तर उष्णता बाहेर जायला वेळ न मिळाल्यास पन्नासहून अधिक अंशांनी तापमान वाढू शकतं. उन्हाळ्यातलं ३० अंशांचं पाणी ८० च्या पुढे. पातळ प्लास्टिकची बादली अशा वेळी मऊ पडते.

आमच्याकडे सुरुवातीच्या काळात एका कामगारानं घाईत उलटा क्रम केला होता. बादलीत आधी फ्लेक्स, वरून मगभर पाणी. फ्लेक्स तळाशी एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं, आणि त्या ढेकळाभोवतीचं थोडंसं पाणी शंभरच्या वर तापलं. तिथं फार संहत द्रावण बनतं आणि त्याचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा बराच वर असतो, ५० टक्क्यांचं कॉस्टिक तर १४० अंशांच्या आसपास उकळतं. त्याच्यावर दुसरा मग पडला. फोडणीत पाणी पडल्यासारखा आवाज झाला आणि बादलीतलं अर्धं बाहेर आलं. त्याचा गॉगल कपाळावर होता, डोळ्यांवर नाही. नशिबानं फवारा छातीवर गेला, रबरी एप्रनवर. तेव्हापासून नियम ठरला: आधी गार पाणी, मग कॉस्टिक थोडं थोडं, ढवळत. गरम पाण्यात लवकर विरघळेल म्हणून कोणी गरम पाणी घेतलं तर त्याला मी प्रयोगशाळेत बोलावून चहा पाजायचे आणि त्या बादलीची गोष्ट सांगायचे.

टँकरनं येणारी लाय, म्हणजे सुमारे ४८ ते ५० टक्क्यांचं कॉस्टिक, आधीच विरघळलेली असल्यामुळे ती पाण्यात मिसळताना फ्लेक्सपेक्षा कमी तापते, पण तापते. तिचा वेगळाच त्रास थंडीत. ५० टक्क्यांची लाय १२ अंशांच्या आसपास गोठायला लागते. निफाडकडच्या डिसेंबरच्या पहाटेत उघड्यावरच्या पाइपात ती बसली तर पंप फिरतोय, पण पुढे काही जात नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि माझा आवडता.

तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी भेटली की खरं काम एकच होतं: हायड्रोजन आयन अधिक हायड्रॉक्साइड आयन, झालं पाणी. सोडियम आणि नायट्रेट नुसते वऱ्हाडी, लग्नाला येऊन तसेच परत जातात. म्हणून कुठलंही तीव्र आम्ल आणि कुठलीही तीव्र आम्लारी घे, विरल द्रावणात दर मोल पाण्यामागे सुटणारी उष्णता जवळपास सारखीच येते, ५७ किलोज्यूलच्या आसपास. पोटॅशियम असो की सोडियम, नायट्रिक असो की हायड्रोक्लोरिक. हे साम्य हाच एके काळी आयनांच्या कल्पनेचा मोठा पुरावा होता. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियसनं १८८४ मध्ये प्रबंधात विचरणाची मांडणी केली तेव्हा त्याच्या परीक्षकांना ती फारशी रुचली नव्हती. १९०३ मध्ये त्याला त्याच कामासाठी नोबेल मिळालं.

विरल द्रावणांत ही उष्णता निरुपद्रवी असते. १ मोलर आम्ल आणि १ मोलर कॉस्टिक समसमान मिसळ, तापमान सहा-सात अंश चढेल. पण हाच व्यवहार लाय आणि संहत नायट्रिक यांच्यात झाला तर पाणी कमी, उष्णता तेवढीच. हिशेबानं शंभरहून जास्त अंश चढतात, म्हणजे मिश्रण उसळून बाहेर येणार. त्वचेवर कॉस्टिक उडाल्यावर वरून आम्ल का ओतायचं नाही याचं हे पहिलं कारण: जखम झालेल्या जागीच तू शेगडी पेटवतेस. दुसरं कारण साधं आहे. त्वचेवर नेमकं किती कॉस्टिक आहे ते तुला माहीत नाही, तेव्हा बरोबर तेवढंच आम्ल तू ओतणार कशी? जास्त झालं तर आम्लानं भाजणार, कमी झालं तर कॉस्टिक उरणार. आणि ही मोजणी किती निसरडी असते ते टायट्रेशन करणाऱ्या माणसाला सांगायला नको.

तरी सांगते, कारण हा आकडा मी दर नव्या मुलाला दाखवायचे. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिली घे, ब्युरेटमधून ०.१ मोलर कॉस्टिक सोड. २४.९५ मिली पडलं तेव्हा पीएच ४. आणखी दोन थेंब, म्हणजे २५.०५ मिली, आणि पीएच १०. पहिल्या जवळपास पाचशे थेंबांत तो १ वरून ४ वर रांगत आला, आणि पुढच्या दोन थेंबांत सहा अंक उडी. हेच एफ्लुएंट, म्हणजे सांडपाण्याच्या, टाकीत होतं. समजा २५,००० लिटर सांडपाणी अशाच आम्लाचं आहे. त्याला एकूण १०० किलो कॉस्टिक लागेल. त्यातल्या साडेनव्याण्णव किलोंनी मीटर फारसा हलत नाही, ऑपरेटर कंटाळतो, आणखी एक पोतं फोडतो. पीएच ४ ते १० हा सगळा प्रवास मधल्या ४०० ग्रॅममध्ये होतो. दोन मुठी. खऱ्या सांडपाण्यात दुधातली प्रथिनं, फॉस्फेट, बायकार्बोनेट हे मध्ये उशीसारखे येतात म्हणून उडी थोडी मऊ होते, नाहीतर नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी ५.५ ते ९ ची जी मर्यादा आहे तिच्यात बसणं माणसाच्या हातानं अवघडच होतं. म्हणून शेवटचा टप्पा नेहमी विरल द्रावणानं, ढवळत, थांबत-थांबत.

‘मग भरपूर पाणी घालून पीएच खाली आणू’ असं सुचवणारे सुपरवायझर प्रत्येक प्लांटवर एक तरी असतात. त्यांच्यासाठी गणित. सीआयपीच्या टाकीत १.५ टक्क्याचं १,००० लिटर कॉस्टिक आहे, त्यात १५ किलो सोडियम हायड्रॉक्साइड. पीएच साडेतेराच्या वर. नुसत्या शुद्ध पाण्यानं तो ९ वर आणायचा तर ते ३७,५०० पट पातळ करावं लागेल, म्हणजे जवळपास ३ कोटी ७५ लाख लिटर पाणी. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते थोडी मदत करतं, पण तरी हे वेडेपण आहे. आम्लानं करायचं तर ६८ टक्क्यांचं नायट्रिक सुमारे ३५ किलो, काम झालं. त्याहून बरं म्हणजे सीआयपीतून निघालेलं वापरलेलं आम्ल आणि वापरलेलं कॉस्टिक एकाच समतोल टाकीत सोडायचं, दोघं परस्परांत बरंचसं मिटवून घेतात. विरल असल्यामुळे तिथं भीती नाही.

मग टाकीत चालतं ते पाइपात का नाही? तू विचारलंस ते हेच. पैसे वाया जातात हे उघड कारण: पाइपात उरलेलं कॉस्टिक तुझं आम्ल खाणार आणि दुधातल्या खनिजांचा दगडी थर काढायला आम्ल उरणार नाही. पण खरं कारण दुधात आहे. गरम कॉस्टिक, म्हणजे एक-दीड टक्का आणि ७५-८० अंश, भिंतीवरच्या फॅटचा साबण करतं आणि जळून बसलेली प्रथिनं फुगवून विरघळवतं. प्रथिनं विरघळतात ती पीएच वर असेपर्यंतच. त्यात लगेच आम्ल शिरलं आणि पीएच ४.६ कडे घसरला की केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, पुन्हा साकळतं. दही लागतं तेव्हा जे होतं तेच, फक्त तुझ्या पाश्चरायझरच्या प्लेटींमध्ये. तिथला साका दुसऱ्या दिवशी गरम दुधाबरोबर पक्का बसतो. फॅटच्या साबणाचंही तेच, आम्लात तो पुन्हा तेलकट मेद होऊन चिकटतो. म्हणून मधलं पाणी. आणि ते किती वेळ? परतीच्या पाण्याची विद्युतवाहकता नळाच्या पाण्याएवढी होईपर्यंत. हायड्रॉक्साइड आयन पाण्यातून वीज फार चपळपणे नेतो, सोडियमच्या जवळपास चौपट. त्यामुळे कॉस्टिकचा मागमूस मीटर चटकन पकडतो.

आम्ल नायट्रिकच का, हेही विचारशील. हायड्रोक्लोरिक स्वस्त पडतं, पण त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला सुईएवढी भोकं पाडतं. आणि एक गोष्ट कॉस्टिक-आम्लाच्या भेटीपेक्षाही वाईट: निर्जंतुकीकरणाला वापरतो ते हायपोक्लोराइट आणि कुठलंही आम्ल. क्लोरिन वायू निघतो. घरी बाथरूममध्ये टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच मिसळणाऱ्यांचंही हेच होतं.

ॲल्युमिनियमचंही सांगून टाकते. संकलन केंद्रावरून येणारे जुने ॲल्युमिनियमचे कॅन एकदा कुणीतरी ‘चकचकीत होतील’ म्हणून रात्रभर कॉस्टिकच्या हौदात बुडवले. सकाळी हौद फेसानं भरलेला. तो फेस म्हणजे हायड्रोजन वायू, ज्वालाग्राही. कॅन चकचकीत झाले होते खरे, पण तळ कागदाएवढा पातळ. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि आम्लारीतही, त्याला दोन्हीकडून मार.

अंगावर उडण्याबद्दल राहिलेलं. कॉस्टिक बोटाला लागलं तर आधी गुळगुळीत लागतं, साबणासारखं. ते साबणासारखं नाही, तो साबणच आहे, तुझ्या त्वचेतल्या मेदाचा. आम्ल बहुतेकदा वरची प्रथिनं साकळवून एक कडक पापुद्रा करतं आणि तो पुढची घुसखोरी थोडी अडवतो. आम्लारी ऊती विरघळवत खोल जात राहते, आणि सुरुवातीला दुखतही फारसं नाही. त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. उपाय एकच: कपडे काढायचे आणि वाहतं पाणी, भरपूर, निदान वीस मिनिटं. तास झाला तरी चालेल. पाणी कॉस्टिक ‘मारत’ नाही, ते वाहून नेतं, आणि तेवढंच हवं आहे. फ्लेक्स किंवा चुन्याची पूड कोरडीच अंगावर पडली तर आधी झटकून टाकायची, मग पाणी.

डोळ्यात गेलं तर पाणी लगेच, त्याच क्षणी, पापण्या उघड्या धरून. दवाखान्याचा विचार त्यानंतर. पानतंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलांच्या हातात फुटून डोळे गेल्याची प्रकरणं आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना चांगली माहीत आहेत. चुना जेमतेम विरघळतो हा गुण तिथं शाप ठरतो. पापणीखाली अडकलेला कण तासन्‌तास हळूहळू हायड्रॉक्साइड सोडत राहतो, म्हणून पापणी उलटवून कण काढावाच लागतो.

तू आणखी एक ओळ जाता जाता लिहिलीस, तिचं उत्तर द्यायलाच हवं. ‘एका कॅनवर नाव नव्हतं, फिनॉल्फ्थॅलिन टाकून पाहिलं, रंग आला नाही, म्हणजे पाणीच असणार.’ बाई गं. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ ते १० च्या दरम्यान गुलाबी होतं हे खरं, पण १३ च्या पुढच्या कडक कॉस्टिकमध्ये ते गुलाबी होऊन परत रंगहीन होतं. लायमध्ये तर गुलाबी झाक आली कधी आणि गेली कधी कळत नाही. आमच्या एका मुलानं नेमका असाच निष्कर्ष काढला होता. मी त्याच द्रावणाचा एक थेंब काचकांडीनं उचलून बीकरभर पाण्यात बुडवला आणि मग दर्शक टाकला. बीकर रानी रंगाचं झालं. अनोळखी द्रावण तपासायचं तर आधी पातळ करून तपासायचं.

आता तुझ्या टेबलावरच्या बाटलीकडे बघ, जिच्यावर ‘०.१ नॉर्मल कॉस्टिक’ लिहिलंय. तशाच एका बाटलीवरून माझ्याकडून एक चूक झालेली आहे.

डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेतो तिथं, रोज सकाळी १० मिली दुधात फिनॉल्फ्थॅलिन टाकून आपण आम्लता काढतो. चांगल्या ताज्या दुधाला साधारण १.५ मिली लागतं, गुणिले ०.०९, म्हणजे ०.१४ टक्क्यांच्या आसपास. त्यात दुधाचा पीएच साडेसहाच्या वर, आणि दह्याचं आम्ल जवळजवळ शून्य. तरी १.५ मिली जातंच, कारण केसिन आणि फॉस्फेट हायड्रॉक्साइड गिळतात. पुन्हा तेच, खिसा आणि ठेव. आमच्याकडे ०.१५ च्या वर गेलं की दूध परत.

एका उन्हाळ्यात आठवडाभर परतीचे कॅन वाढले. एक शेतकरी हात जोडून म्हणाला, ‘मॅडम, दोन तासांपूर्वी धार काढलीय, आंबट कसं होईल?’ ब्युरेट १.७ दाखवत होतं, ०.१५३ टक्के. मी म्हटलं, आकडा खोटं बोलत नाही. मग मनाला बोचलं म्हणून त्याचं दूध परीक्षानळीत उकळून पाहिलं. फाटलं नाही. वासही गोड. तेव्हा कुठं बाटलीकडे लक्ष गेलं. झाकण तीन दिवस सैल होतं. कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचा कार्बोनेट होतो. एक रेणू कार्बन डायऑक्साइड दोन हायड्रॉक्साइड खातो. बनलेला कार्बोनेट फिनॉल्फ्थॅलिनच्या एंड पॉइंटपर्यंत त्यातलं एकच परत देतो. म्हणजे दर रेणूमागे एक हायड्रॉक्साइड हिशेबातून गायब. कॉस्टिक तीव्र होतं तसंच होतं, पीएच मीटरला लावलं असतं तर फरक दिसलाही नसता, पण साठा कमी झाला होता. ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ नॉर्मल द्रावण, म्हणजे लिटरला ६.३ ग्रॅम, ताजं करून १० मिली घेतलं, त्याला १०.८ मिली लागलं. फॅक्टर, म्हणजे वाचलेल्या आकड्याला गुणायचा दुरुस्तीचा आकडा, ०.९२६. त्या हिशेबानं त्याच्या दुधाची आम्लता ०.१४२ निघाली. त्याला आणि बाकीच्यांनाही फोन केले, पण परत गेलेलं दूध काही परत येत नाही.

तेव्हापासून मी द्रावण उकळून गार केलेल्या पाण्यात करते, आणि तेही थेट फ्लेक्सपासून नाही. आधी ५० टक्क्यांचं द्रावण करून प्लास्टिकच्या बाटलीत दोन-चार दिवस ठेवते. एवढ्या संहत कॉस्टिकमध्ये सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतो. वरची निवळ पिपेटनं, बल्ब लावून, घ्यायची आणि पातळ करायची. काचेचं बूच कधी वापरायचं नाही, महिन्याभरात ते असं अडकतं की बाटली फोडावी लागते. बुचाच्या जागी सोडा लाइमची नळी, ती हवेतला कार्बन डायऑक्साइड अडवते. आणि दर सोमवारी ऑक्झॅलिकनं तपासून बाटलीवर फॅक्टर आणि तारीख, पेन्सिलीनं. पेनाची शाई कॉस्टिकचा हात लागला की उडते.